तांडेलाची वही

पापलेट या प्राण्याशी आमची ओळख आजवर केवळ ताटातली. त्यातही अलीकडे ती फार सलगीची राहिलेली नाही. बाजारात भाव विचारायचा, कोळिणीने तो सांगायचा, आपण "बरं, मांदेली द्या" म्हणायचे आणि दोघांनी एकमेकांना समजून घ्यायचे, असा आमचा परिपाठ आहे. त्यामुळे पालघरला स्थायिक झालेले आमचे साडू जेव्हा म्हणाले, "अहो, पापलेटाच्या माहेराला म्हणून या एकदा," तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पिशवी आधी भरली आणि माझी संमती नंतर विचारली.

आम्ही निघालो तो नागपंचमीचा दुसरा दिवस. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल जाऊ लागली, तेव्हापासून पालघर मुंबईच्या अंगणात आले आहे. पण विरार मागे पडून वैतरणेचे पूल ओलांडले की डब्यातली माणसे एकमेकांशी बोलू लागतात, त्यावरून गाव बदलल्याचे कळते. उजव्या हाताला तांदुळवाडीचा डोंगर ढगात बुडालेला, दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले, तरी स्टेशनाबाहेर अजून भाजीवाल्या बायकांचेच राज्य आहे. तिथून सातपाटी आठ-दहा किलोमीटर. वाटेत शिरगावचा किल्ला लागतो. साडूंनी तो रिक्षातूनच दाखवला, कारण त्यांच्या मते किल्ला कुठे पळून जात नाही आणि भरती मात्र थांबत नाही.

पावसाळ्यातले सातपाटी म्हणजे सुटी लागलेली शाळा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. खाडीच्या कडेने होड्या शाकारून ठेवलेल्या, ओसरीओसरीवर निळी-हिरवी जाळी पसरून माणसे ती विणीत बसलेली, कुठे इंजिनाचे पोट उघडलेले, कुठे रंगाचे डबे. समोर पलीकडच्या काठावर मुरबे गाव. मधली खाडी गाळाने इतकी भरली आहे की ओहोटीला बोट बाहेर निघत नाही. परत येणारीलाही माशांसकट मुखाशी भरतीची वाट पाहत उभे राहावे लागते.

साडूंच्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल तिथे राहतात. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. घरात ते मांगेली बोलतात, पण आमच्यासारख्या पाहुण्यांशी अगदी शाळेतल्यासारखी नेटकी मराठी. मी त्यांना नाखवा म्हणालो. ते हसून म्हणाले, "नाखवा म्हणजे मालक. मी आयुष्यभर तांडेल. बोट दुसऱ्याची, अक्कल माझी." मग त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकून सांगितले, "आज षष्ठी. साडेचारला भरती. तोवर बसा निवांत."

हा हिशेब कोकणपट्टीवर पोराटोरांना येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागावाप्रमाणे थोडे पुढेमागे. आमची सौभाग्यवती चतुर्थीला चंद्रोदय पाहण्यासाठी कॅलेंडर उघडते, तेच कॅलेंडर इथे समुद्राचे रेल्वे टाइमटेबल आहे.

तेवढ्यात तांडेलांच्या पत्नीने आतून एक पत्र्याची पेटी आणून ठेवली. "तुमचे साडू म्हणत होते, तुम्हाला लिहिण्यावाचण्याचा नाद आहे. आमच्यांचा नाद बघा." पेटीत लाल कापडी पाठीच्या, किराणा दुकानात असतात तशा लांबट वह्या. चाळीसहून अधिक वर्षांच्या सफरी त्यांत नोंदलेल्या.

तरुणपणी तांडेलांनी सातपाटीच्याच मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात सहा महिने शिक्षण घेतले होते. नकाशा कसा वाचायचा, होकायंत्र कसे धरायचे, डिझेल इंजिन कसे खोलायचे, हे तिथे शिकवतात. बोटीवर रोज नोंद ठेवावी, हेही तिथेच कानावर पडले. बरोबरीच्या पोरांनी परीक्षेपुरते ऐकले आणि सोडून दिले. यांनी धरले, त्याला कारण मात्र निराळे. सफरीहून आल्यावर वाटणी व्हायची: होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे वाटे. डिझेल किती, बर्फ किती, शिधा किती, यावरून कुरबुरी होत. लिहून ठेवलेले असले की तोंडे बंद. म्हणजे मुळात हा प्रकार तुमच्या-आमच्या घरच्या दूधवाल्याच्या हिशेबासारखाच. पहिल्या दोन वह्यांतले अक्षर तर पत्नीचे आहे. तांडेल तोंडाने सांगत आणि ती लिही. "यांचं अक्षर यांनाच लागत नसे," त्या म्हणाल्या.

पण खर्चाच्या शेजारी हळूहळू दुसरे रकाने उगवले. तिथी. वारा: मतलई की खारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा की उलट. पाणी गढूळ की निवळ. उधाण की भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे जोराचे पाणी ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचे मंद पाणी तो भांग. खोली किती वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव, अंदाजे सहा फूट. जाळे कोणते. काय मिळाले, किती मिळाले. आणि सर्वांत शेवटी, कडेला, अगदी बारीक अक्षरांत, कुठे.

इंग्रजीत या वहीला लॉगबुक म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका, तो वहीत कसा शिरला? जुन्या काळी शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला एक लाकडी तुकडा मागे पाण्यात टाकीत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटल्या, तितका वेग. म्हणून आजही जहाजाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. त्या ओंडक्याचे आकडे ज्या वहीत उतरवायचे, ती ओंडक्याची वही. मी हे मोठ्या ऐटीत सांगितले. तांडेलांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मासे कुठल्या रकान्यात?" मी गप्प.

तो कडेचा रकाना मला वाचता येईना. लिहिलेले मराठीच होते. पण समजा 'सुळका चिमणीच्या डाव्या अंगाला, एक बोट' असे काही असेल, तर तुम्ही-आम्ही काय समजणार? (हे उदाहरण मी मुद्दाम खोटे देतो आहे. का, ते पुढे कळेल.) किनाऱ्यापासून दूर गेल्यावर गावे दिसेनाशी होतात, पण उंच खुणा दिसत राहतात: डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका, पालघरमागचा काळदुर्ग, तारापूरच्या अणुवीज केंद्राची चिमणी. यांतल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत. दुसऱ्या दोन एका रेषेत आल्या की दोन रेषा जिथे छेदतात तो आपला ठिकाणा. भूमितीचा हा धडा आम्हाला शाळेत छड्या खाऊनही समजला नव्हता. वर खोलीसाठी दोरी सोडून तिच्या टोकाला चिकटून काय येते ते पाहायचे: चिखल, वाळू, शिंपले. एवढे जमले की कोऱ्या पाण्यात एक शेत सापडते.

पुढल्या वह्यांत खुणांची जागा जीपीएसच्या आकड्यांनी घेतली आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि रंग पाहून, कोणत्या दिशेला किती अंतरावर मासे असण्याचा संभव आहे, याची सूचनाही येते. तांडेल तिला नावे ठेवीत नाहीत. सूचना आली की तीही नोंदवतात आणि पुढे खरी ठरली की खोटी तेही. आकड्यांबद्दल मात्र त्यांची तक्रार आहे. "खूण माझी मलाच वाचता येते. आकडा कोणीही वाचतो."

वही चाळताना सगळा काळच पुढून सरकतो. 26 नोव्हेंबर 2008 नंतरच्या पानांवर वरचेवर 'कागद तपासले' असा शेरा आहे. मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून प्रत्येक खलाशाजवळ ओळखपत्र हवे आणि समुद्रात कोण गेले, कोण आले याची दप्तरी नोंद हवी. ऑगस्ट 2021 मधल्या एका पानावर फक्त 'मुरबे. घोळ 157' असे लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे. समोरच्या गावातल्या एका बोटीला त्या दिवसांत एकाच वेळी 157 घोळ मासे मिळाले आणि ते 1 कोटी 33 लाखांना विकले गेले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, बोताला, परदेशात सोन्यासारखी किंमत येते. त्याच पानावर तांडेलांच्या स्वतःच्या सफरीची नोंद एका शब्दाची आहे: 'डिझेल.'

पण मला सर्वांत अधिक खिळवून ठेवले ते एका साध्या गोष्टीने. जुन्या वह्यांत पापलेट नगांनी मोजलेले आहे. एवढे मोठे, एवढे मधले. अलीकडच्या वह्यांत ते किलोंनी आहे. मी विचारले, असे का? तांडेल म्हणाले, "लहान झालं की मोजत कोण बसतो? टोपलीत ओततात आणि वजन करतात." असा बदल करायचा असे कोणी ठरवले नव्हते. लिहिणाऱ्याच्या नकळत तो झाला आणि वहीने तो धरून ठेवला.

सफरीचे दिवसही तसेच लांबत गेलेले. पूर्वी दोन-तीन दिवसांत परत येणारी बोट आता आठवडाभर बाहेर. बर्फ वाढला, डिझेल वाढले, खोलीचे वाव वाढले. आटण्याची कारणे सांगताना गावात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दालदा जाळीवाले डोल जाळीवाल्यांकडे, कारण डोलीच्या बारीक आसाच्या पिशवीत पापलेटाची पिल्लेही अडकतात; दोघे मिळून ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांकडे. शिवाय डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रात ज्या कवी रोवतात, त्यांच्या हद्दीवरून पालघर-डहाणूकडची आणि वसई-उत्तनकडची माणसे यांच्यात वाद आहेत ते निराळेच. 4 सप्टेंबर 2023 रोजी रुपेरी पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी राज्यातल्या 54 जातींच्या माशांची पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवली गेली. पापलेटासाठी ती 135 मिलिमीटर आहे. तांडेलांनी राज्यमाशाची बातमी कापून वहीत चिकटवली आहे. शेरा नाही.

या वहीचे आता काय करायचे, असा प्रश्न त्या घरात पडलेला होता. आम्ही नेमके त्यात जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलांचा नातू आम्हाला बोईसर-तारापूरच्या बाजूला घेऊन गेला. तो बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. त्या दिवशी रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण पाहुण्यांसाठी तयार. तारापूरची औद्योगिक वसाहत 1972 पासूनची. त्या रस्त्याने जाताना आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला तो नवापूरपर्यंत काढला नाही. कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली होती. "पगारही इथलाच आणि पाणीही इथलंच," नातू म्हणाला. एवढेच म्हणून त्याने मोटारसायकल वळवली.

तारापूरचा किल्ला जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतला. त्या वेढ्यात बाजी भिवराव पडले. पुढे चारच महिन्यांनी वसई पडली. आज तटावर झाडे आहेत आणि शांतता आहे. तिथून थोड्याच अंतरावर 1969 साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र. पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. केंद्रापुढच्या समुद्रात मासेमारीला बंदी आहे, आणि तांडेलांच्या वहीत जिची खूण पानोपानी, ती चिमणी जमिनीवरून पाहताना मला विलक्षण वाटले. बाहेर समुद्रावर ती वाटाड्या. इथे कुंपणापलीकडची.

चिंचणीच्या किनाऱ्यावर उभे राहून नातवाने उत्तरेकडे हात केला. त्या बाजूला वाढवण. 19 जून 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या बंदराला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. अंदाजे खर्च 76 हजार कोटींवर. समुद्रात भराव घालून बंदर होणार, मोठमोठी जहाजे येणार. इथल्या मच्छीमारांच्या संघटनांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. नातू मात्र विरोध की पाठिंबा यावर बोलला नाही. तो म्हणाला, "एका बैठकीला आम्ही गेलो होतो. तिथे साहेबांनी विचारलं, तुम्ही नेमके कुठे मासे धरता, पुरावा काय? शेतकऱ्याकडे सातबारा असतो. आमच्याकडे काय आहे? आजोबांची वही आहे. आणि आजोबा ती दाखवत नाहीत."

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 पासून आहे. तिची माणसे बंदराबंदरावर जाऊन उतरलेल्या माशांचे नमुने मोजतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधतात. पण काठावर मोजणाऱ्याला किती आले ते दिसते. समुद्रात कुठून आले ते फक्त तांडेलाला ठाऊक. तो रकाना देशाच्या कुठल्याच दप्तरात नसेल, तो त्या पत्र्याच्या पेटीत होता.

संध्याकाळी परत आलो आणि मी, पाहुण्याने करू नये ते, मध्ये तोंड घातले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या बेव्हर्ली बंदरातल्या कॉड पकडणाऱ्या शिडाच्या बोटींना एकेकाळी सरकारी अनुदान मिळे. त्यासाठी कप्तानांना रोजची नोंदवही सरकारात भरावी लागे. वह्या दप्तरात पडून राहिल्या. दीडशे वर्षांनी, 2005 साली, संशोधकांनी त्या बाहेर काढल्या आणि हिशेब मांडला, की 1852 साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापुढच्या समुद्रात सुमारे 12 लाख 60 हजार टन कॉड असला पाहिजे. आजचा कॉड त्याच्या शेकडा पाच टक्केही नाही. त्या वह्या नसत्या, तर पूर्वी किती होते हे कोणाला पटलेच नसते.

तांडेलांनी नीट ऐकले. "मग ते मासे परत आले का?"

"नाही."

"मग वही दाखवून काय झालं?"

नातू म्हणाला, "आजोबा, मासे परत आणायला नाही, आपण तिथे होतो हे सांगायला."

बराच वेळ कोणी बोलले नाही. तांडेलांची अडचण मला तेव्हा थोडी कळली. त्या कडेच्या रकान्यात त्यांची सारी कमाई होती. इतर तांडेलांपासून, प्रसंगी सख्ख्या भावाच्या बोटीपासून, त्यांनी तो जपला होता. पुरावा म्हणून द्यायचा म्हणजे सगळ्यांसमोर उघडा करायचा. झेरॉक्स एकदा निघाली की ती कोणाच्या टेबलावर जाईल आणि उद्या तिथे कोणाचे जाळे पडेल, सांगता येत नाही. आणि न द्यावा, तर जी जागा आपण इतकी लपवली ती मुळी कोणाची नव्हतीच, असे ठरणार. आधी एक तोड त्यांनीच काढली होती: त्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढायची. नातवाने ती काढूनही आणली होती. तिथी होती, वारा होता, मासे होते, आणि कडेला एक पांढरा पट्टा. बैठकीतल्या साहेबांनी ती दोन बोटांत धरून परत केली म्हणे.

शेवटी तांडेलांच्या पत्नी बोलल्या. त्या आतापर्यंत जाळ्याची फाटकी बाजू शोधत बसल्या होत्या. "बंदर येणार तिथलीच पानं द्या. ती जागा तशीही राहणार नाही, मग लपवायची कोणापासून? दक्षिणेकडची ठेवा झाकून."

तांडेलांनी चष्मा लावला. एकेक वही काढून ते पाने उलटू लागले आणि नातू पानात सुतळीचा तुकडा ठेवू लागला. एक पान ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरले, कडेची ओळ बोटाने दाखवून वाचून दाखवली आणि दोन खुणा कशा जुळतात ते हातांनी समजावले. म्हणाले, "हे मात्र तुमच्या दिवाळी अंकात घालू नका. ही दक्षिणेकडची आहे." मी शब्द दिला आहे.

निघताना त्यांच्या पत्नीने गेल्या हंगामातले सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या पिशवीत घातले. साडूंनी ती पिशवी पालघरला डब्यात चढेपर्यंत स्वतःच्या हातात ठेवली आणि गाडी हलताना माझ्या हातात दिली. सफाळ्यापर्यंत आमच्या बाकावर आम्ही दोघेच उरलो होतो.